नागलीचे बी आणि कायद्याचा कागद

जमिनीचा कागद नसला म्हणजे काय होते, हे पेठ तालुक्याला नव्याने सांगण्याची गरज नाही. पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन आपलीच आहे हे सिद्ध करण्यासाठी २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर येथील कुटुंबांनी कचेऱ्यांचे किती हेलपाटे घातले, याला हिशेब नाही. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईला पायी निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात पेठ, सुरगाणा, दिंडोरी या भागांतील आदिवासी किती मोठ्या संख्येने चालले, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. जमीन कसणारा एक आणि कागदावर नाव दुसऱ्याचे, या अन्यायाची ओळख या डोंगराळ मुलखाला फार जुनी आहे. परंतु त्याच जमिनीत जे पेरले जाते त्या बियाण्याचाही आता एक कागद असतो, त्या कागदावरही कोणाचे तरी नाव लागते, आणि तो कागद तलाठ्याच्या दप्तरात नसून दिल्लीतील नोंदणी कार्यालयात असतो, ही गोष्ट मात्र अद्याप फारशी कोणाच्या ध्यानात आलेली दिसत नाही. बौद्धिक संपदा हा शब्द ऐकला की सिनेमा, औषधे आणि संगणक यांच्या व्यापाऱ्यांचा तो विषय असावा, असे आपल्या सुशिक्षित वर्गालाही वाटते. वस्तुतः या शब्दाचा जेवढा संबंध मुंबई-बंगळूरच्या कंपन्यांशी आहे, तेवढाच तो उतारावरच्या नागलीशी, वरईशी आणि भाताशी आहे.

पेठ हा संपूर्ण तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. कोकणा, महादेव कोळी, वारली या समाजांची येथे मुख्य वस्ती आहे. सह्याद्रीच्या माथ्यावरचा आणि उताराचा हा प्रदेश, त्यामुळे पाऊस भरपूर आणि सपाट जमीन थोडी. अशा ठिकाणी एकाच जातीच्या बियाण्यावर भिस्त ठेवून चालत नाही. हलक्या जमिनीला हळवे वाण, खोल जमिनीला गरवे, मधल्या पट्ट्याला निमगरवे अशी विभागणी येथील शेतकऱ्याने कोणत्याही प्रयोगशाळेच्या मदतीवाचून केलेली आहे. कोणते कणीस पुढच्या वर्षासाठी बाजूला काढायचे, ते कसे वाळवायचे, राखेत घोळून कशात साठवायचे, याचे ज्ञान मुख्यतः घरातील स्त्रियांकडे असते. धान्याला कणसरी देवी मानणाऱ्या या समाजात बी विकण्यापेक्षा उसने देण्याची आणि वाढवून परत करण्याची रीत मोठी. शास्त्रीय भाषेत बोलायचे तर हे निवड पद्धतीचे वनस्पतिप्रजननच होय. फरक एवढाच की, ते ज्यांनी केले त्यांनी ते कधी लिहून ठेवले नाही.

कायदा कागद वाचतो

हा फरक क्षुल्लक वाटेल, पण बौद्धिक संपदेच्या कायद्यात तोच निर्णायक ठरतो. हळदीचे प्रकरण या संदर्भात पुन्हा आठवून पाहण्यासारखे आहे. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोन संशोधकांना, जखम भरून येण्यासाठी हळदीचा वापर करण्याबद्दल पेटंट मिळाले. हळद जखमेवर दाबण्याचा उपाय ज्या देशात घरोघर चालतो, त्या देशाला हा नवा शोध असल्याचे सांगण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने या पेटंटाला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते रद्द करवून घेतले. या विजयाचा आनंद देशभर झाला आणि तो रास्तही होता. परंतु तो विजय कशाच्या बळावर मिळाला, याची चर्चा तितकीशी झाली नाही. भारतातील कोट्यवधी लोक हळद लावतात, ही वस्तुस्थिती अमेरिकेच्या पेटंट कार्यालयापुढे पुरावा म्हणून चालणारी नव्हती. त्या देशाच्या तेव्हाच्या कायद्यानुसार परदेशात नुसती वापरात असलेली किंवा तोंडी माहीत असलेली गोष्ट नव्या शोधाच्या आड येत नसे. ती कोठे तरी छापलेली असावी लागे. परिषदेने संस्कृत ग्रंथांतील उल्लेख काढले, १९५३ साली भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आलेला निबंध काढला, आणि तेव्हा कोठे पेटंट कोसळले. हळद वाचली ती छापील कागदामुळे.

अमेरिकेने ही तरतूद २०१३ पासून बदलली. भारताच्या पेटंट कायद्यात तर कलम २५ अन्वये, एखाद्या स्थानिक वा आदिवासी समाजाला तोंडी माहीत असलेले ज्ञान हेसुद्धा पेटंटला हरकत घेण्याचे कारण मानले गेले आहे. शब्दांच्या पातळीवर हा मोठाच न्याय झाला. प्रत्यक्षात मात्र हरकत कोणी तरी घ्यावी लागते, ती मुदतीत घ्यावी लागते आणि तोंडी ज्ञान तोंडी होते याचाही पुरावा शेवटी लेखीच द्यावा लागतो. हळदीचे नाव ग्रंथांत होते आणि तिच्यामागे एक राष्ट्रीय संस्था उभी होती. पेठच्या डोंगरातील एखाद्या भाजीच्या, कंदाच्या किंवा नागलीच्या वाणाच्या मागे काय उभे आहे? पारंपरिक ज्ञानाचे जे संगणकीय ग्रंथालय भारताने २००१ पासून उभारले, तेही मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा लिखित परंपरांचे आहे. ज्या समाजांच्या परंपरा गीतांत, कथांत आणि हाताच्या सवयीत आहेत, त्यांची नोंद त्यात आपोआप होत नाही.

नांदेडचा दादाजी

लेखी नोंदीचा अभाव किती महाग पडतो, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यातील नांदेड या गावचे दादाजी रामाजी खोब्रागडे हे दीड एकराच्या आसपास जमीन असलेले शेतकरी. शिक्षण प्राथमिक शाळेपलीकडे गेलेले नव्हते. १९८३ च्या सुमारास त्यांना आपल्या धानाच्या शेतात वेगळ्या लोंबीची काही रोपे दिसली. ती त्यांनी वेगळी ठेवली आणि वर्षानुवर्षे निवड करीत बारीक दाण्याचा, चवदार असा एक वाण स्थिर केला. त्या काळी एचएमटी घड्याळांची चलती होती, म्हणून बाजारात त्या तांदळालाही तेच नाव पडले. हा तांदूळ विदर्भातून अन्य राज्यांत पसरला. पुढे अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने हे बियाणे नेऊन, त्याचे शुद्धीकरण करून, १९९८ मध्ये आपल्या नावाच्या आद्याक्षरांसह तो वाण प्रसारित केला. शुद्धीकरण हे शास्त्रीय काम आहे आणि ते विद्यापीठाने केले, हे मान्य केले तरी मूळ निवड ज्याची, त्याचे नाव त्या वाणाला लागले नाही, ही गोष्ट उरतेच. दादाजींना २००५ मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते सन्मान मिळाला, २०१० मध्ये एका परदेशी नियतकालिकाने ग्रामीण भारतातील कर्तबगार संशोधकांत त्यांची गणना केली. सन्मान पुष्कळ झाले. पण ज्या वाणाने कितीक व्यापारी आणि गिरणीमालक सधन झाले, त्याचे उत्पन्न त्यांच्या घरी आले नाही. ३ जून २०१८ रोजी ते वारले, तेव्हा त्यांच्या आजारपणाच्या खर्चासाठी मदतीची आवाहने करावी लागली होती.

यावर असे म्हणता येईल की, दादाजींच्या वेळी कायदाच नव्हता. ते खरे आहे. वनस्पतींच्या वाणांचे संरक्षण आणि शेतकऱ्यांचे हक्क यांविषयीचा कायदा संसदेने २००१ मध्ये केला, त्याखालील प्राधिकरण २००५ मध्ये स्थापन झाले आणि नोंदणी २००७ पासून सुरू झाली. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे वाणांना काही संरक्षण देणे भारताला भागच होते; पण इतर अनेक देशांप्रमाणे केवळ बियाणे कंपन्यांचे हक्क न मानता, भारताने त्याच कायद्यात शेतकऱ्यालाही प्रजननकार आणि जतनकर्ता म्हणून स्थान दिले. शेतकऱ्याने विकसित केलेला वाण त्याच्या नावे नोंदविता येतो, त्यासाठी त्याला शुल्क पडत नाही. गावाने किंवा समाजाने एखादा वाण घडविण्यास हातभार लावला असेल, तर त्यांच्या वतीने कोणतीही व्यक्ती वा संस्था दावा करू शकते. शेतकऱ्यांच्या वाणापासून दुसरा वाण साधला गेल्यास त्यांच्या संमतीची अट आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कलम ३९ प्रमाणे शेतकरी आपल्या शेतातील बी, ते संरक्षित वाणाचे असले तरीही, राखू शकतो, पेरू शकतो, देऊ-घेऊ शकतो आणि विकूही शकतो. फक्त संरक्षित वाणाच्या नावाची चिठ्ठी लावून, पिशवीत भरून विकण्यास मनाई आहे. असा कायदा जगात फार थोड्या देशांत आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

बटाट्याचा खटला

परंतु कायदा चांगला असणे आणि तो ज्याच्यासाठी आहे त्याला तो माहीत असणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. २०१९ मध्ये शेजारच्या गुजरातेत पेप्सिको या कंपनीने आपल्या नोंदणीकृत बटाट्याच्या वाणाची लागवड केल्याबद्दल काही शेतकऱ्यांवर खटले भरले. साबरकांठ्यातील चार शेतकऱ्यांकडून तर प्रत्येकी एक कोटीहून अधिक रुपयांची भरपाई मागण्यात आली. देशभर गदारोळ झाल्यावर कंपनीने ते खटले मे महिन्यात मागे घेतले. पुढे प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये त्या वाणाची नोंदणीच रद्द केली. दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकसदस्य पीठाने जुलै २०२३ मध्ये तो निर्णय उचलून धरला, तर जानेवारी २०२४ मध्ये द्विसदस्य पीठाने तो फिरवला. पेठपासून गुजरातची हद्द काही मैलांवर आहे. ज्या शेतकऱ्याला कलम ३९ ठाऊक नाही, त्याच्या हातात कोटी रुपयांची नोटीस पडली तर तो काय करील? बहुधा तो घाबरून पडेल त्या कागदावर सही करील. कायद्याने दिलेला हक्क असा अज्ञानापोटी सोडून दिला जातो, तेव्हा तो हक्क पुस्तकात राहतो एवढेच.

येथे दुसरी बाजूही मांडली पाहिजे. स्वामित्वहक्क म्हणजे केवळ लूट, अशी समजूत करून घेणे सोयीचे असले तरी खरे नाही. पेठचे मजूर दर हंगामात ज्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात, तेथेच या प्रश्नाचे दोन्ही रंग दिसतात. महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीचा विस्तार झाला तो थॉमसन सीडलेस आणि त्यातून शेतकऱ्यांनीच निवडलेल्या जातींवर. तासगाव भागातील तास-ए-गणेश, सोलापूर जिल्ह्यातील नान्नजची सोनाका या जाती शेतकऱ्यांच्या नजरेने हेरलेल्या आणि काडीकाडीने गावोगाव पसरलेल्या. त्या काडीवर कोणी हक्क सांगितला नाही, म्हणूनच बागाईत इतक्या वेगाने वाढली. आता निर्यातीच्या बाजाराला नव्या रंगाची, पावसात तडा न जाणारी द्राक्षे हवी आहेत. त्यासाठी दिंडोरी तालुक्यातील मोहाडीच्या सह्याद्री फार्म्स या शेतकरी कंपनीने 'आरा' या परदेशी वाणांचे परवाने मिळविले. अशा वाणांत रोप ठरलेल्या ठिकाणाहूनच घ्यायचे, स्वामित्वशुल्क भरायचे आणि काडी दुसऱ्याला द्यायची नाही, असा रिवाज असतो. ज्या बागाईतदाराला युरोपची बाजारपेठ गाठायची आहे तो हिशेब करून ही अट पत्करतो, आणि त्यात गैर काही नाही. संशोधनाला पैसा लागतो व तो कोठून तरी वसूल व्हावा लागतो. प्रश्न एवढाच आहे की, परदेशी संशोधकाच्या श्रमाला जर मोल आहे, तर नान्नजच्या बागाईतदाराच्या, नांदेडच्या दादाजीच्या आणि पेठच्या डोंगरातील बाईच्या श्रमालाही त्याच मापाने मोल असले पाहिजे की नाही? स्वामित्वाचे तत्त्व एकदा मानले, की ते एकाच दिशेने लागू करता येत नाही.

नोंदवहीचे काय झाले?

या दृष्टीने २००२ च्या जैवविविधता कायद्यातील एक तरतूद फार मोलाची होती. प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि त्या समितीने लोकांशी बोलून तेथील वनस्पती, प्राणी, पिके आणि त्यांविषयीचे ज्ञान यांची लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची, अशी ती कल्पना. अनेक वर्षे देशभर याकडे दुर्लक्ष झाले. शेवटी राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली आणि त्यानंतर दरमहा १० लाख रुपयांच्या दंडाचा बडगा दाखविला. मग नोंदवह्या भराभर तयार होऊ लागल्या. आज देशातील त्यांची संख्या अडीच लाखांच्या पुढे सांगितली जाते. दंडाच्या भीतीने आणि मुदतीच्या धाकाने तयार होणारी नोंद कशी असते, हे सरकारी कचेरीत काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. एका गावाची यादी दुसऱ्या गावाला चिकटविणे, पुस्तकातील शास्त्रीय नावे उतरवून घेणे आणि ज्यांच्याकडे ज्ञान आहे त्यांची गाठही न घेणे, हे धोके अशा घाईत अटळ असतात. ग्रामपंचायतीच्या कपाटात नोंदवही आहे, पण त्यात गावातील कोणत्या बाईने कोणते नागलीचे बी किती वर्षे राखले याची ओळ नाही, अशी जर स्थिती असेल, तर ती नोंदवही वादाच्या वेळी निरुपयोगी ठरेल.

महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२२ मध्ये जनुक कोशाच्या प्रकल्पाला मंजुरी दिली व पाच वर्षांसाठी १७२ कोटी रुपयांहून अधिक तरतूद ठरविली. स्थानिक पिकांचे वाण, देशी जनावरे, गोड्या पाण्यातील आणि सागरी जीव यांचे जतन व नोंद हा त्याचा उद्देश आहे. हा निर्णय स्वागतार्हच होता. नाशिक जिल्ह्याला लागूनच असलेल्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी सरकारी प्रकल्पाची वाट न पाहता गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि त्यांना २०२० चा पद्मश्री किताब जाहीर झाला. तेव्हा हे काम होऊ शकते, आणि ते पदवीवाचूनही होऊ शकते, याबद्दल शंका घेण्याचे कारण नाही.

याच सुमारास जैवविविधता कायद्यात मात्र एक दुरुस्ती झाली. २०२३ साली संमत होऊन १ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या या दुरुस्तीने ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञानाचा व्यापारी वापर करणाऱ्यांना लाभवाटपाच्या बंधनातून मोकळे केले आणि कैदेची शिक्षा काढून तिच्या जागी दंड आणला. आयुर्वेदाच्या मान्य ग्रंथांतील कृतीवर औषध बनविणाऱ्या कारखान्याला आता त्या वनस्पतीच्या जतनकर्त्यांना वाटा देण्याची सक्ती राहिलेली नाही. यातून एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण झाली आहे. परदेशी पेटंट अडवायचे तर ज्ञान लिहिलेले हवे. देशातील कारखान्याकडून वाटा मिळवायचा तर ते मान्य ग्रंथांत नसलेले बरे. लोक जैवविविधता नोंदवही ही या अर्थाने मान्य ग्रंथांत मोडत नाही, ही समाधानाची गोष्ट. म्हणजे लिहून ठेवावे आणि तरीही हक्क शाबूत राहावा, अशी जागा कायद्यात सध्या या नोंदवहीचीच आहे. तेवढ्यासाठी तरी ती गंभीरपणे लिहिली गेली पाहिजे.

बीविना बियाणे

कायदा अशा रीतीने मागून चालत असताना तंत्रविद्या कितीतरी पुढे गेली आहे. पूर्वी एखाद्या वाणावर डल्ला मारायचा तर निदान मूठभर बी गुपचूप न्यावे लागे. आता त्याचीही आवश्यकता उरलेली नाही. वनस्पतीच्या जनुकांचा क्रम वाचून तो संगणकात साठविता येतो आणि जगाच्या दुसऱ्या टोकावरील प्रयोगशाळेला तेवढी माहिती पुरते. नागलीच्या जनुकसंचाचा आराखडा बंगळूरच्या कृषी विद्यापीठातील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने २०१७ मध्येच प्रसिद्ध झाला. ज्ञान म्हणून हे अभिमानास्पद आहे; परंतु अवर्षणात तग धरणारा किंवा करप्याला दाद न देणारा गुण ज्या जनुकात आहे तो हेरला गेला, की तो गुण शतकानुशतके राखणाऱ्यांचा संबंध तेथे संपतो. कारण त्यांच्याकडून कोणी काही नेलेले नसते. मे २०२५ मध्ये केंद्रीय कृषिमंत्र्यांनी जनुक-संपादनाने सिद्ध केलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. 'कमला' आणि 'पुसा डीएसटी राइस १' हे दोन्ही वाण सरकारी संस्थांनीच तयार केले आहेत. तरीही ज्या तंत्राने ते साधले त्याची मूलभूत पेटंटे परदेशी संस्थांकडे आहेत, आणि हे बियाणे शेतकऱ्यापर्यंत नेताना त्या हक्कांचे काय करायचे हा प्रश्न सरकारलाही टाळता येत नाही. उद्या भाताच्या शेतात कोणाचे कोणते हक्क एकावर एक रचलेले असतील, याची कल्पना यावरून यावी.

जगातही याची जाणीव झाली आहे, हे नमूद केले पाहिजे. २४ मे २०२४ रोजी जिनिव्हा येथे जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या सदस्य देशांनी एक करार स्वीकारला. जैविक संपत्तीवर वा पारंपरिक ज्ञानावर आधारलेल्या शोधाचे पेटंट मागणाऱ्याने ती संपत्ती कोणत्या देशाची आणि ते ज्ञान कोणत्या समाजाचे हे सांगितले पाहिजे, असे त्यात ठरले. पंधरा देशांनी मान्यता दिल्यावर तो अमलात यावा अशी त्यात तरतूद आहे. भारताच्या पेटंट कायद्यात असे उगमस्थान सांगण्याची अट पूर्वीपासूनच आहे. जनुकांच्या संगणकीय माहितीचा फायदा घेणाऱ्या उद्योगांकडून वर्गणी गोळा करण्यासाठी कोलंबियातील काली या शहराच्या नावाचा एक निधी फेब्रुवारी २०२५ मध्ये सुरू झाला. त्यातील निदान निम्मा पैसा आदिवासी व स्थानिक समाजांच्या गरजांसाठी जावा असे ठरले आहे. मात्र ही वर्गणी ऐच्छिक आहे, आणि ऐच्छिक वर्गणीवर किती विसंबावे हे गणेशोत्सवाच्या कार्यकर्त्यांनाही ठाऊक असते. शिवाय या साऱ्या व्यवस्थेत वाटा मागायचा तर अमुक गुण अमुक समाजाने राखला हे दाखवावे लागणार. म्हणजे गोष्ट पुन्हा नोंदीवरच येऊन थांबते.

लिहिणे धोक्याचे नाही काय?

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. आदिवासींचे ज्ञान आजवर टिकले ते त्यांनी ते स्वतःपाशी ठेवले म्हणून. ते लिहून काढणे म्हणजे लुटारूच्या हातात नकाशा देणे नव्हे काय? हा आक्षेप निराधार नाही. गावात येऊन माहिती विचारून गेलेल्या माणसांनी पुढे काय केले, याचा पत्ता गावाला सहसा लागत नाही. परंतु न लिहिण्याचाही धोका आता तितकाच मोठा झाला आहे. तरुण मंडळी हंगामी कामासाठी बाहेर जातात, नागलीची जागा बाजारचे संकरित भात घेते, आणि ज्या वृद्ध स्त्रियांना वाणांची नावे व लक्षणे तोंडपाठ आहेत त्या एकेक करून जात आहेत. गुपित राखण्यासाठी ते माहीत असणारे कोणी तरी मागे उरावे लागते. तेव्हा लिहावे की न लिहावे असा प्रश्न राहिलेला नसून कोणी लिहावे, कोणाच्या संमतीने लिहावे आणि ते कोणाच्या ताब्यात राहावे, हा खरा प्रश्न आहे.

त्याचे उत्तरही कायद्यात सापडते. पेठसारख्या अनुसूचित क्षेत्रात १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेला परंपरा आणि सामूहिक साधनसंपत्ती यांच्या रक्षणाचा अधिकार दिला आहे. महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ मध्ये केले. तेव्हा नोंदवही ग्रामसभेपुढे वाचली जावी, तिने मान्य केल्यावरच ती पक्की व्हावी, औषधी ज्ञानाचा जो भाग उघड करावयाचा नाही तो वेगळा ठेवावा आणि बाहेरच्या कोणाला ती पाहावयाची असेल तर ग्रामसभेच्या ठरावाशिवाय पाहता येऊ नये. पिकांच्या वाणांच्या बाबतीत मात्र हात आखडण्याचे कारण नाही. त्यांची लक्षणे, स्थानिक नावे, राखणाऱ्या कुटुंबांची वा पाड्याची नावे आणि सन लिहून, बियाण्याचा नमुना सुरक्षित ठेवून, शेतकऱ्यांचे वाण म्हणून नोंदणीचे अर्ज समूहाच्या नावे केले पाहिजेत. एका माणसाच्या नावे नोंद करून शेजाऱ्यांत भांडण लावण्यापेक्षा पाड्याच्या किंवा गावाच्या नावे ती करणे या समाजाच्या रीतीलाही धरून होईल.

हे काम करणार कोण? येथेच शिक्षक, ग्रामपंचायतींतील व तहसील कचेरीतील कारकून आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांचा संबंध येतो. आश्रमशाळांतील मुले ज्या घरांतून येतात त्याच घरांत हे ज्ञान आहे. मुलांनी सुटीत आजीला विचारून आपल्या पाड्यावरील वाणांची यादी करून आणणे, हा विज्ञानाचाही पाठ आहे आणि मराठीचाही. ते लेखन कोकणा वा वारली बोलीतील मूळ शब्दांसह व्हावे. कारण वाणाचे नाव बदलले की त्याचा पुरावाही पातळ होतो. अर्ज कसा भरायचा, त्याला काय जोडायचे, कोणत्या कलमाखाली दावा करायचा हे शेतकऱ्याला सांगण्यासाठी वकिलाची फी भरण्याची गरज पडू नये. एक जाणता कारकून तेवढे करू शकतो. कृषी विद्यापीठांचे काम तर उघडच आहे. वाणाची शास्त्रीय तपासणी करून देणे हे त्यांचे कर्तव्य आहे आणि तसे करताना मूळ राखणाऱ्याचे नाव अर्जावर पहिले असले पाहिजे, एवढा धडा एचएमटीच्या कथेतून त्यांनी घ्यावयास हवा.

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये १९६६ च्या बियाणे कायद्याच्या जागी आणावयाच्या नव्या विधेयकाचा मसुदा लोकांपुढे ठेवला. त्यात वाणांची नोंदणी सक्तीची करताना शेतकऱ्यांच्या वाणांना त्यातून वगळले आहे आणि बी राखण्याचा, देण्याघेण्याचा हक्क मान्य केला आहे. ब्रँडच्या नावाने विक्री मात्र त्यात बसत नाही. खोट्या बियाण्याने नाडलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने कडक कायदा हवाच. परंतु एखाद्या बचत गटाच्या स्त्रियांनी आपल्या पाड्याचे नाव छापलेल्या पिशवीतून गावरान नागलीचे बी आठवडे बाजारात विकले, तर त्या गुन्हेगार ठरतील काय, या साध्या प्रश्नाचे उत्तर कायद्याच्या शब्दांत निःसंदिग्ध असले पाहिजे. अशा मसुद्यांवर हरकती मागविल्या जातात त्या इंग्रजी जाणणाऱ्यांकडून आणि त्याही थोड्या दिवसांत. तालुक्याच्या गावापर्यंत त्या मसुद्याची मराठी प्रत पोचविण्याची जबाबदारी कोणीच घेत नाही, ही आपल्या लोकशाहीतील जुनीच उणीव आहे.

२०२३ हे वर्ष जगाने भरडधान्यांचे वर्ष म्हणून साजरे केले. 'श्री अन्न' या नव्या नावाने नागली शहरांच्या दुकानांत पोचली, तिची बिस्किटे झाली, तिच्या गुणांवर व्याख्याने झाली. गरिबाचे अन्न म्हणून जिची टिंगल होत असे तिला प्रतिष्ठा आली, हे चांगलेच झाले. पण प्रतिष्ठेमागून बाजार येतो आणि बाजारामागून मालकीचा दावा येतो, हा क्रम ठरलेला आहे. तो दावा करणारा पेठला पोचण्यापूर्वी पेठच्या ग्रामसभांपाशी त्यांची स्वतःची, स्वतःच्या शब्दांतली नोंद तयार असली पाहिजे. जमिनीच्या कागदासाठी या लोकांना मुंबईपर्यंत पायी चालावे लागले. बियाण्याच्या कागदासाठी तशी वेळ येऊ द्यावयाची नसेल, तर येत्या खरिपाच्या पेरणीपूर्वीच गावोगावच्या वह्या उघडल्या गेल्या पाहिजेत.